मशीन घूं घूं करतंय, पण फिरत नाही: दोन टबांचं जुनं वॉशिंग मशीन समजून घेताना

"ताई, याचे पार्ट आता येत नाहीत. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." दिवाळीच्या आसपास हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं. समोर दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन उभं असतं, पंधरा-वीस वर्षं इमानाने राबलेलं. बटण फिरवलं की ते घूं घूं आवाज करतं आणि जागचं हलत नाही. आत काय आहे हे घरात कोणालाच माहीत नसतं, म्हणून समोरचा म्हणेल ते खरं मानावं लागतं.

‘दुरुस्तीचा हक्क’ हे शब्द अलीकडे बातम्यांत वारंवार येतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. तिच्यापुढच्या विषयांत शेतीची अवजारं, मोबाइल आणि वाहनं आहेत, तशा घरातल्या टिकाऊ वस्तूही आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू झालं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्तीला किती सोप्या आहेत यावर गुण देण्याच्या पद्धतीचा अहवालही मे २०२५ मध्ये सरकारकडे गेला. हे व्हायलाच हवं होतं. पण हक्क मिळाला तरी तो वापरायला वस्तू कळावी लागते, आणि दोन टबांचं मशीन हे आपल्या घरातलं बहुधा सगळ्यात सहज कळणारं यंत्र आहे. त्यात ना संगणक, ना पडदा. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं किंवा नाकाला वास देतं.

एका पेटीत दोन यंत्रं

पहिली गोष्ट ही की ते एक मशीन नाही. एका पेटीत शेजारी शेजारी ठेवलेली ती दोन स्वतंत्र यंत्रं आहेत. धुण्याच्या टबाची मोटर वेगळी, टायमर वेगळा. ड्रायरची मोटर वेगळी आणि त्याचा टायमरही वेगळा. दोघांत सामाईक म्हणावं असं फारसं काही नाही: भिंतीतून येणारी वायर, पाणी बाहेर नेणारा पाईप आणि बहुतेकदा एक छोटी डबी, जिच्याकडे पुढे येऊ.

धुण्याच्या बाजूचं काम ताक घुसळणाऱ्या रवीसारखं आहे. दोरी एकदा इकडून ओढायची, एकदा तिकडून, म्हणजे रवी उलटसुलट फिरते आणि ताक ढवळलं जातं. टबाच्या तळाशी जी पंख्यासारखी चकती असते, जिला पल्सेटर म्हणतात, ती तशीच काही सेकंद एका बाजूला फिरते, क्षणभर थांबते आणि उलटी फिरते. ती एकाच दिशेने फिरत राहिली असती तर कपड्यांचा दोर वळला गेला असता.

ड्रायरचं काम गोफणीचं. गोफण गरगर फिरवली की दगड बाहेर पळू बघतो, दोरी त्याला धरून ठेवते. ड्रायरमध्ये कपड्यांना भोकांची भिंत धरून ठेवते आणि पाणी भोकांतून निसटतं. म्हणजे हा ड्रायर कपडे वाळवत नाही, पिळतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला ड्रायर म्हटलं की गरम हवेचा, स्वतंत्र, मोठा डबा आठवतो. त्याचं तंत्र वेगळं आणि धोकाही वेगळा. तिथे कपड्यांचा निघालेला कापूस जाळीत आणि हवा बाहेर नेणाऱ्या नळीत साठतो आणि पेट घेऊ शकतो, म्हणून जाळी दर खेपेला साफ करायची असते. आपल्याकडच्या दोन टबांच्या ड्रायरात तापवणारं काहीच नाही.

घूं घूं कशाने होतं?

घरातला पंखा आठवा. बटण दाबलं की नुसता गुणगुणतो, काठीने हलकेच पातं ढकललं की फिरू लागतो, आणि ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरतो. इलेक्ट्रिशियन येतो, "कंडेन्सर गेलाय" म्हणतो आणि पाच मिनिटांत पंखा ठीक होतो. वॉशिंग मशीनच्या दोन्ही मोटरी त्याच जातीच्या आहेत.

यामागचं कारण जात्यावर समजतं. जात्याचा खुंटा कोणी फक्त पुढे-मागे, एकाच रेषेत ढकलत राहिलं तर पाळू, म्हणजे वरचा दगड, जागेवरच हिसके खाईल. तेच दुसरं माणूस बाजूला बसून, पहिल्याच्या धक्क्यानंतर थोड्याच वेळाने आपला धक्का देऊ लागलं, तर पाळू गोल फिरेल. घरात येणारी वीज हे पहिलं माणूस आहे. ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते, पण एकाच रेषेत. दुसरं माणूस म्हणजे मोटरीतलं तारांचं दुसरं वेटोळं, आणि दोघांच्या धक्क्यांत वेळेचा फरक पाडणारी वस्तू म्हणजे कंडेन्सर. तो अशक्त झाला की दुसरा धक्का येतच नाही. मोटर हिसके खाते, गुणगुणते आणि तापते. अशी गुणगुणणारी मोटर "होईल चालू" म्हणून तशीच सोडू नये. काही मिनिटांतच तिची वेटोळी जळू शकतात, आणि मग किरकोळ सुट्या भागाचं दुखणं मोटरीवर जातं.

रवीचं कोडंही इथेच सुटतं. दोघांपैकी कोण आधी ढकलतं यावर जातं कोणत्या बाजूला फिरेल ते ठरतं. धुण्याच्या बाजूचा टायमर हेच करतो. तो कंडेन्सर कधी एका वेटोळ्याकडे जोडतो, कधी दुसऱ्याकडे. म्हणून चकती एकाच बाजूला फिरत असेल आणि उलट फिरायची वेळ आली की गप्प राहत असेल, तर कंडेन्सरवर संशय घेऊ नका. बहुतेक वेळा टायमरच्या आतली एक पितळी पट्टी जळलेली असते.

वर जिचा उल्लेख केला ती छोटी डबी हीच. बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही मोटरींचे कंडेन्सर एकाच डबीत असतात आणि तिच्यावर १०+५ असे जोडीचे आकडे दिसतात. मोठा आकडा धुण्याच्या मोटरीचा, लहान ड्रायरचा. शेजारी ४४० व्होल्ट वगैरे लिहिलेलं असतं. नवी डबी घेताना हेच आकडे जुळले पाहिजेत. "थोडा मोठा टाकू, जोरात फिरेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मोटर जोरात फिरणार नाही, तापेल मात्र.

कंडेन्सरला दोष देण्याआधी एक गोष्ट हाताने पाहायची असते. प्लग काढून टबातली चकती फिरवून बघा. ती अडकत असेल तर खाली नाणं, केसांची पिन, ब्लाउजचा हूक किंवा बाळाचा मोजा सापडण्याची शक्यता मोठी. चकती मधल्या एकाच स्क्रूवर बसवलेली असते. तो स्क्रू वर्षानुवर्षं साबणाच्या पाण्यात राहून गंजतो, म्हणून गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबा आणि मगच पेचकस लावा. घाईने डोकं घसरलं की तो स्क्रू काढणं हे दिवसभराचं काम होतं.

मोटर फिरते, कपडे फिरत नाहीत

हे दुखणं सगळ्यात सोपं. धुण्याची मोटर चकतीला थेट जोडलेली नसते. मध्ये रबरी पट्टा असतो, शिवणयंत्राच्या पट्ट्यासारखा. तो सैल झाला की रिकामा टब ठीक चालतो आणि कपडे भरले की चकती मंदावते. रबर घासल्याचा वास येतो, खाली काळी भुकटी पडलेली दिसते. पट्ट्याच्या पाठीवर त्याचा नंबर छापलेला असतो. पुसला गेला असेल तर जुना पट्टाच दुकानात घेऊन जा. मोटर ज्या बोल्टांवर बसते त्यांची भोकं लांबट असतात, त्यामुळे मोटर सरकवून पट्टा ताणता येतो. मधोमध बोटाने दाबल्यावर तो साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा. वाजेल इतका ताणला तर बुशिंग, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, लवकर झिजतात.

पाणी टबात थांबतच नसेल तर बिघाड म्हणावा असा तो नसतोच. पाणी सोडायच्या झडपेत बटण नाही तर दोऱ्यांचा गुंता अडकलेला असतो. झडप म्हणजे एक रबरी बूच, वरच्या बटणाला पट्टीने किंवा दोरीने बांधलेलं. झाकण काढा, बूच धुवा, पुन्हा बसवा.

ड्रायर उड्या का मारतो?

या भागाला मी जास्त जागा देतो आहे, कारण जुन्या मशीनचं सर्वाधिक नुकसान इथे होतं आणि ते आपण रोज आपल्या हातांनी करतो.

ड्रायरचा टब मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस. टबाची त्रिज्या सुमारे १२ सेंटिमीटर धरली, तर भिंतीला चिकटलेल्या कपड्यावरचा ओढा त्याच्या वजनाच्या अडीचशे पटींच्या घरात जातो. पाणी इतकं झटकन निघतं ते यामुळेच. आता एका बाजूला २०० ग्रॅमचा ओला नॅपकिन जास्त आहे असं समजा. २०० ग्रॅमची अडीचशे पट म्हणजे ५० किलो. सिमेंटच्या भरल्या गोणीइतका ओढा एकाच बाजूला, आणि ती बाजू सेकंदाला तेवीस वेळा बदलते! ड्रायरची मोटर ज्या तीन स्प्रिंगांवर उभी असते, त्या हा मार सोसतात. मोटर आणि टब यांना जोडणारी कपलिंगही सोसते. एखादी स्प्रिंग तुटली की मग टब बाहेरच्या भिंतीवर आपटू लागतो.

म्हणून कपडे टाकताना जड जीन्स तळाशी, गोल पसरून, आणि हलके कपडे वर. एकच चादर पिळायची असेल तर तिची गुंडाळी न करता टबाच्या कडेकडेने वेटोळं करून ठेवा. कपड्यांवर ठेवायची जी प्लॅस्टिकची जाळीची चकती मशीनबरोबर येते, ती बहुतेक घरांत पहिल्याच वर्षी माळ्यावर जाते. ती शोधून काढा. ती नसली की वरचा रुमाल उडून आतल्या आणि बाहेरच्या टबांच्या फटीत जातो आणि टब घट्ट धरून ठेवतो. आमच्याकडचं मशीन एकदा असंच आठवडाभर बंद होतं. मोटर जळली असं निदानही झालं होतं. वडिलांनी चिमट्याने फटीतून एक मोजा ओढून काढला आणि ड्रायर सुरू झाला. आई त्या दिवशी किती खूश होती ते अजून आठवतं.

टब अजिबात आवाज करत नसेल तर झाकणाकडे बघा. झाकणाखाली एक छोटा स्विच असतो. झाकण नीट बसल्याशिवाय तो वीज पुढे जाऊ देत नाही. त्याची पट्टी वाकली किंवा गंजली की ड्रायर मेल्यासारखा वाटतो. हाच स्विच कायमचा जोडून टाकणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. उघडा, फिरता ड्रायर आणि घरातलं लहान मूल यांच्यामध्ये उभा असलेला तो मुख्य पहारेकरी आहे.

झाकणाला आणखी एक गोष्ट बांधलेली असते, ती म्हणजे ब्रेकची वायर, सायकलच्या ब्रेकसारखी. झाकण उचललं की ब्रेकचा गुटका चाकाला टेकतो आणि टब काही सेकंदांत थांबतो. वायर ताणली गेली किंवा सटकली की यातली एक गोष्ट होते: टब थांबत नाही, किंवा ब्रेक सुटतच नाही आणि मोटर पुन्हा घूं घूं करते. त्यामुळे ड्रायर गुणगुणला की आधी फटीतला कपडा, मग ब्रेक आणि शेवटी कंडेन्सर, या क्रमाने तपासा.

ज्याच्याशी खेळू नये असं एक दुखणं

ड्रायरचा दांडा मोटरीपर्यंत खाली जातो, तिथे टबाच्या तळाला भोक असणारच. ते भोक एक घडीघडीचं रबर झाकतं. त्याला बेलो म्हणतात. ते चिरलं की पिळलेलं पाणी नळीत न जाता थेंबथेंब मोटरीवर पडतं. लक्षणं ठरलेली: ड्रायर चालू असताना मशीनखाली पाणी, काही दिवसांनी घरघर आणि मग पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या. झिणझिण्या आल्या त्या क्षणी प्लग काढायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावायचा नाही. ओल्या मोरीत, अनवाणी पायांनी बसलेला तो झटका जिवावर बेतू शकतो. "जरासाच शॉक मारतं" असं म्हणत वर्षभर मशीन वापरणारी घरं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची खरोखर भीती वाटते.

"विजेचं काम घरी करावं का?"

हा प्रश्न रास्त आहे. पट्टा, झडप, चकती, ब्रेकची वायर आणि जाळ्या ही कामं प्लग काढून करायची असतात आणि त्यांत विजेचा संबंध नाही. ती ज्याला पाना धरता येतो त्याने करावीत. प्लग काढणं म्हणजे भिंतीवरचं बटण बंद करणं नव्हे. जोडणी उलटी असेल तर बटण बंद करूनही आतल्या तारांत वीज राहते.

कंडेन्सर बदलताना मात्र एक जास्तीची काळजी हवी. प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून राहू शकते. त्याच्या टोकांना हात लावण्याआधी जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन तारा टोकांना टेकवा. साठलेली वीज बल्बमधून निघून जाते. टोकांच्या दोन्ही जोड्यांवर हे करा. मग तारांचा फोटो काढा, रंग कागदावर लिहा, आणि त्यानंतरच काही सोडवा. हे वाचून मनात धाकधूक झाली तर ते काम इलेक्ट्रिशियनला द्या. निम्मं काम निदानाचं असतं आणि ते तुम्ही आधीच केलेलं असतं. "मशीन बघा" म्हणण्याऐवजी "ड्रायर गुणगुणतो, ब्रेक सुटतोय, फटीत काही नाही, कंडेन्सर तपासा" असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी माणूस वेगळं बोलतो.

मोटरीची वेटोळी पुन्हा भरणं आणि वीज चालू ठेवून तपासणं ही दोन कामं घरी करायची नाहीत. मशीनच्या प्लगला अर्थिंगची जाड पिन आहे आणि भिंतीतल्या त्या भोकामागे खरोखर अर्थिंगची तार आहे, हे एकदा तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत ती तार अनेकदा नसतेच. पैसे खर्च करायचेच असतील तर गळती ओळखून वीज तोडणाऱ्या ३० मिलीअँपिअरच्या स्विचवर करा.

"पार्ट खरंच मिळत नाहीत का?"

मूळ कंपनीचे, तिचं नाव छापलेले मिळत नसतील. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत आपल्याकडे दोन टबांची मशीनं घरोघर पोहोचली तेव्हापासून त्यांची रचना फारशी बदललेली नाही. नावं वेगवेगळी, आतला सांगाडा बराचसा सारखा. औरंगाबादेतून देशभर पोहोचलेल्या व्हिडिओकॉनवर २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तरी त्या काळच्या मशीनना चालणारे पट्टे आणि कंडेन्सर बाजारातून गेले नाहीत, कारण ते एकट्या कंपनीचे नव्हतेच. मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा विजेच्या सामानाच्या बाजारांत जुना भाग हातात घेऊन जा. नाव सांगू नका, भाग दाखवा. पट्टा, कंडेन्सर आणि ब्रेकची वायर या तिन्हींची मिळून किंमत नव्या मशीनच्या पासंगालाही पुरणार नाही.

खरी अडचण येते ती टब, झाकण आणि बटणांची. हे प्लॅस्टिकचे भाग त्या त्या मॉडेलचेच लागतात. त्यांच्यासाठी भंगारवाल्याकडे तेच मॉडेल शोधणं हाच मार्ग, आणि तो बऱ्याचदा यशस्वी होतो.

"पण नवीन मशीन वीज आणि पाणी वाचवतं ना?"

विजेबद्दल ही समजूत घाईची आहे. धुण्याची मोटर ३५० वॉटची धरली तर पंधरा मिनिटांच्या एका धुण्याला एका युनिटच्या दहाव्या भागाहूनही कमी वीज लागते. ड्रायरची पाच मिनिटं त्यात फारशी भर घालत नाहीत. कपडे धुताना वीज खातं ते गरम पाणी. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं, मग मशीन कितीही नवं असो. साध्या पाण्यात धुणाऱ्या जुन्या मशीनचं वीजबिल हे ते टाकून देण्याचं कारण होऊ शकत नाही.

पाण्याचं मात्र खरं आहे. समोरून दार असलेलं नवं मशीन बरंच कमी पाणी घेतं आणि खंगाळताना कोणाला उभंही राहावं लागत नाही. ज्यांच्याकडे दिवसभर माणूस घरी नाही, किंवा ज्यांची कंबर वाकून ओले कपडे इकडून तिकडे टाकू देत नाही, त्यांनी नवीन घ्यावं. दोन टबांच्या मशीनची शिल्लक वेगळी आहे: तेच साबणाचं पाणी आधी पांढऱ्यांना, मग रंगीत कपड्यांना, शेवटी पायपुसण्यांना वापरता येतं. टँकरवर जगणाऱ्या गावांत बायका हे हिशेब कोणी न शिकवता करतात, आणि खंगाळलेलं पाणी बादल्यांत भरून ठेवतात. शिवाय नळाला जोर नसला तरी हे मशीन बादलीने भरता येतं.

बिघडण्याआधी

धुणं झाल्यावर दोन्ही झाकणं तासभर उघडी. टबातली कापूस धरणारी जाळी दर चार-पाच धुण्यांनी उलटी करून धुवायची. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा राखाडी थर बसतो. तो महिन्यातून एकदा कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून, रिकामं मशीन फिरवून काढायचा. पावडर कमी टाका. फेस ड्रायरच्या दोन टबांमध्ये शिरला की तो ब्रेकसारखाच टबाला धरून ठेवतो.

आणि उंदीर! मशीनची खालची बाजू बऱ्याचदा उघडी असते आणि आतली ऊब त्यांना आवडते. कुरतडलेल्या तारा हे या मशीनच्या अचानक बंद पडण्याचं एक मोठं कारण आहे. खाली बारीक जाळी ठोका. कोकणात खाऱ्या हवेने पत्रा तळाकडून आधी जातो, तिथे मशीन फरशीवर न ठेवता चार बोटं उंच स्टँडवर ठेवावं.

एक बाजू गेलीच तर

धुण्याची गिअरपेटी किंवा मोटर खरोखरच गेली आणि खर्च परवडत नसेल, तरी दुसरं यंत्र जिवंत असतं हे विसरू नका. हाताने धुतलेले कपडे पिळायला नुसता ड्रायर पावसाळ्यात किती उपयोगी पडतो ते जुलैतल्या रत्नागिरीकराला विचारा. दोन्ही बाजू गेल्या तर ते ई-कचरा झालं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत वॉशिंग मशीनचा समावेश आहे, म्हणून ते नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. देण्याआधी पट्टा, झाकण, बटणं, जाळीची चकती आणि पाण्याची नळी काढून एका पिशवीत ठेवा, पिशवीवर मॉडेलचं नाव लिहा आणि शेजारीपाजारी विचारा. त्याच मॉडेलचं मशीन बटण तुटलं म्हणून कोणाकडे तरी बंद पडलेलं असतं.